चेकपॉइंटची कुळकथा

विद्यापीठाच्या कुठल्याही कॅम्पसवर प्रवेशअर्जांची झुंबड उडाली आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर ठरावीक वेळाने धापा टाकू लागला, तर डेटाबेस सांभाळणारा जाणता माणूस, म्हणजे डीबीए, आधी चेकपॉइंटवर संशय घेतो.

त्याचं कूळ शोधायचं तर रोजकीर्द आणि खतावणी आठवा. व्यवहार घडला की रोजकीर्दीत ओळीने टाकायचा, खातेवार खतावणी मागाहून. डेटाबेसही बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे ‘वॉल’मध्ये लिहितो, मेमरीत बदललेली डेटाची पानं डिस्कवर सवडीने उतरतात. कुठवरची खतावणी पुरी झाली, याची खूण म्हणजे चेकपॉइंट. वीज गेली तर तिथून पुढचं वॉल वाचून सावरायचं. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी 1978 मध्येच ही शिस्त लिहून ठेवली होती.

गंमत म्हणजे 1986 च्या सुमारास बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेस आखलं, ते असा लॉग टाळूनच. जुनी नोंद पुसायचीच नाही, मग लॉग कशाला? पण त्यापायी प्रत्येक कमिटला, म्हणजे व्यवहार पक्का करताना, पानं डिस्कवर ढकलावी लागत. अखेर 2001 मध्ये, 7.1 आवृत्तीत, वॉल आलंच. सोबत नवं दुखणं आलं: चेकपॉइंट झाला की साचलेली सगळी पानं एकदम डिस्कवर.

2005 च्या 8.0 मध्ये त्यासाठी, साचलेली पानं मागच्या मागे थोडी थोडी उतरवायला, बॅकग्राउंड रायटर नेमला गेला. खरा उतारा मात्र 2008 च्या 8.3 मध्ये सापडला. चेकपॉइंटचं लिखाणच पुढच्या चेकपॉइंटपर्यंतच्या वेळात पसरवलं गेलं. 2012 च्या 9.2 मध्ये चेकपॉइंटचं काम करणारा चेकपॉइंटर वेगळा निघाला आणि बॅकग्राउंड रायटरकडे दुय्यम काम उरलं. तरी ट्यूनिंगला बसलेले लोक नावाला भुलून पहिला हात त्यालाच लावतात.

हात लावावा तो ‘मॅक्स वॉल साइझ’ला. वॉल किती साचू द्यायचं, याची मूळ मर्यादा 1 जीबी. ती भरत आली की दोन चेकपॉइंटमधली ठरलेली 5 मिनिटं न थांबता चेकपॉइंट सुरू होतो. प्रत्येक चेकपॉइंटनंतर कुठलंही पान पहिल्यांदा बदललं की त्याची 8 केबीची अख्खी नक्कल वॉलमध्ये जाते. म्हणजे चेकपॉइंट लवकर झाला तर वॉल फुगतं, आणि वॉल फुगलं की पुढचा चेकपॉइंट आणखी लवकर. मर्यादा वाढवा, 5 मिनिटांची 15 करा. सर्व्हर कोसळला तर सावरायला जास्त वेळ लागेल, एवढं साहेबांच्या कानावर आधीच घाला. लिखाण पसरवण्याचं प्रमाण 2021 च्या 14 व्या आवृत्तीपासून मुळातच 0.9 आहे, त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर तिथे 0.5 असेल, ते बदलून घ्या.