आई असलेली ‘अनाथ’ मुलं

आज जरा लांबची गोष्ट सांगते, हैती देशाची. कॅरिबियन समुद्रात एक बेट आहे. त्याच्या पश्चिमेला हैती आणि पूर्वेला डोमिनिकन रिपब्लिक, असे दोन देश एकाच बेटावर नांदतात.

१२ जानेवारी २०१० रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली, लाखाहून जास्त माणसं गेली. जमिनीतून आलेल्या आवाजावरून तिथल्या लोकांनी भूकंपाचं नावच ‘गुडूगुडू’ पाडलं.

जगभरातून मदत आली. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बाप्टिस्ट चर्चमधूनही दहा जणांचं एक पथक आलं. अनाथ मुलं गोळा करायची आणि शेजारच्या देशात एका हॉटेलात त्यांच्यासाठी आश्रम काढायचा, असा त्यांचा बेत होता. २९ जानेवारीला सरहद्दीवर पोलिसांनी त्यांची बस अडवली. आत ३३ मुलं होती, सगळ्यात लहान दोन-तीन महिन्यांचं. एकाचीही कागदपत्रं नव्हती.

मुलांना बालगृहात नेलं. तिथे एक मोठी मुलगी रडत सांगू लागली, की मी अनाथ नाही, मला आईवडील आहेत. चौकशी झाली तेव्हा कळलं, की त्या ३३ मुलांपैकी एकही पोरकं नव्हतं. बरीचशी मुलं राजधानीच्या वरच्या डोंगरातल्या कालबास नावाच्या गावची होती. तिथल्या आईबापांनी ती आपल्या हाताने बसमध्ये बसवली होती. मुलं शाळेत जातील, पोटभर जेवतील, तुम्ही भेटायला येऊ शकाल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मुलांना दत्तक देण्याचाही विचार पथकाच्या लेखी योजनेत होता. तो मात्र आईबापांच्या कानावर घातला नव्हता.

तुम्ही म्हणाल, कसली ही आई? मीही आधी तसंच म्हटलं होतं. मग थोडं वाचलं. हैतीत बहुतेक शाळा खाजगी आहेत, फी भरल्याशिवाय मूल शिकत नाही. हैती एकेकाळी आपल्याला लागणारा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. १९९०च्या दशकात आयातीवरचा कर जवळजवळ काढून टाकला गेला, अमेरिकेचा स्वस्त तांदूळ बाजारात आला आणि तिथला शेतकरी बसला. ते धोरण चूक होतं, हे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मार्च २०१० मध्ये जाहीरपणे कबूल केलं. आधीच हात रिकामे, त्यात भूकंप. अशा वेळी कोणी मुलाच्या शाळेचं बोलतो, तेव्हा आई मूल टाकत नसते, काळजावर दगड ठेवून त्याला शिकायला पाठवत असते.

पथकातले आठ जण तीन आठवड्यांत सुटले, नववी व्यक्ती मार्चमध्ये. प्रमुख बाईंना मे महिन्यात शिक्षा झाली, पण तेवढे दिवस त्यांनी कोठडीत काढलेच होते, म्हणून त्याही घरी गेल्या. बहुतेक मुलंही आपापल्या घरी परतली. परतली ती मात्र त्याच रिकाम्या चुलीपाशी. पुढे २०१३ मध्ये हैतीने दत्तकाचा नवा, कडक कायदा केला.

ही एका बसपुरती गोष्ट नाही. हैतीच्या अनाथाश्रमांत सुमारे ३०,००० मुलं असावीत आणि त्यांतल्या दर दहांपैकी आठांचे आई किंवा वडील हयात आहेत, असा अंदाज आहे. परदेशातून पाहुणे येतात, आठवडाभर मुलांशी खेळतात, देणगी देतात. पैसा आश्रमाला मिळतो, म्हणून मूल आश्रमात जातं. तोच पैसा आईच्या हाती पडला, तर?

हे करून पाहणारा माणूसही चर्चचाच होता. फादर जोसेफ फिलिप या कॅथलिक धर्मगुरूंनी १९९४ मध्ये ‘फोन्कोझे’ सुरू केली. डोक्यावर टोपली घेऊन बाजार करणाऱ्या बायकांना ही संस्था कर्ज देते. पाच-पाच जणींचा गट असतो, एकीची जबाबदारी पाचही जणी घेतात. ऐकल्यासारखं वाटतं ना? आपल्या बचत गटाचीच बहीण ती. अगदीच गरीब बाईसाठी त्यांचा दीड वर्षाचा वेगळा कार्यक्रम आहे. शेळ्या, कोंबड्या, घरावर पत्रे, पाण्याचा फिल्टर, आणि दर आठवड्याला घरी येऊन विचारपूस. त्याची मूळ कल्पना बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ संस्थेची.

चर्चची माणसं दोन्हीकडे होती, दोघांच्याही मनात दया होती. एकांनी विचारलं, ‘मूल देतेस का?’ दुसऱ्यांनी विचारलं, ‘मूल घरी राहावं म्हणून तुला काय लागेल?’

आपल्याकडेही एकट्या पडलेल्या बाईला ‘पोरं आश्रमात टाक’ असा सल्ला पटकन मिळतो. मूल घरातच वाढावं म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, महिन्याला मदत मिळते. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करा. मूल अडचणीत दिसलं तर १०९८ वर फोन करा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बघा, की आपल्यातल्या एखादीवर मूल दूर पाठवायची वेळ आली आहे का. तिला सल्ला नंतर द्या. आधी तो दुसरा प्रश्न विचारा.