सगळी औषधं एकदम का देत नाहीत?

२०१८च्या दिवाळीनंतर मामाच्या जनुकीय चाचणीचा रिपोर्ट आला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि घरातले इंग्रजी रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडेच असायचं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचलाय, हे आधीच कळलं होतं. या कागदावर एकच नवी ओळ होती: बीरॅफ व्ही६००ई, पॉझिटिव्ह.

मामाचं कराडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, एका औषधानं भागत नसंल तर दोन-तीन एकदम द्यायची की! सगळीच एकदम का देत नाहीत?"

"डॉक्टरांना विचारतो," म्हणालो. विचारलं नाही. प्रश्न मला बाळबोध वाटला होता. पुढे या आजाराचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की मोठमोठ्या संशोधकांनीही हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं पहिलं उत्तर फार महागात पडलं होतं.

केमोथेरपी झपाट्यानं वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर हल्ला करते. टार्गेटेड औषधं कॅन्सरपेशीच्या एखाद्या ठरावीक प्रथिनाला धरतात. २००४ साली आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत अशी दोन औषधं मंजूर झाली. बेव्हासिझुमॅब गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखतं; सेटुक्सिमॅब पेशीच्या पृष्ठभागावरचा ईजीएफआर नावाचा रिसेप्टर अडवतं. दोन्ही उपयोगी, दोन्हींचे रस्ते वेगळे. मग दोन्ही एकत्र दिली तर?

नेदरलँड्समध्ये ७५५ रुग्णांवर ही चाचणी झाली. नाव कैरो-२. एका गटाला केमो आणि बेव्हासिझुमॅब, दुसऱ्याला त्यावर सेटुक्सिमॅबही. २००९ साली निकाल आला. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ पहिल्या गटात १०.७ महिने होता, तर जास्तीचं औषध घेणाऱ्यांत ९.४. औषध वाढवलं आणि आजार लवकर बळावला. मामाच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर.

आता बीरॅफकडे येऊ. पेशीला 'वाढ' असा निरोप पोचवणाऱ्या साखळीतली ही एक कडी. तिच्या ६००व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल बसलं की बटण कायमचं चालू राहतं. हा बिघाड २००२ साली सापडला. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये तो साधारण निम्म्या रुग्णांत असतो, तर पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या आठ-दहा जणांत. या बीरॅफला बंद करणारं व्हेमुराफेनिब २०११ साली मेलानोमासाठी मंजूर झालं. त्यात जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. तोच बिघाड, तेच औषध. पण आतड्याच्या कॅन्सरच्या २१ रुग्णांना दिलं, तर फक्त एकाची गाठ पुरेशी आक्रसली.

इथे आमच्या धंद्यातला माणूस लगेच ओळखेल: बग तोच आहे, पण सिस्टिम वेगळी आहे.

ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये रेने बर्नार्ड्स यांच्या गटानं याचा छडा लावला. व्हेमुराफेनिब दिलेल्या आतड्याच्या कॅन्सरपेशींत त्यांनी शेकडो जनुकं एकेक करून दाबून पाहिली. कोणतं दाबल्यावर औषध चालायला लागतं? उत्तर आलं, ईजीएफआर. २०१२ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं. कारण मामाला एका वाक्यात समजलं असतं, कारण त्याच्या दुकानात स्टॅबिलायझर होता. व्होल्टेज पडलं की स्टॅबिलायझर आपोआप ते वर ओढतो. बीरॅफ जोरात चालू असतं तेव्हा त्याचाच सिग्नल ईजीएफआरला दाबून ठेवतो. बीरॅफ बंद केलं की तो दाब जातो, ईजीएफआर उसळतो आणि दुसऱ्या वाटेनं वाढीचा निरोप चालू राहतो. मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळातच फार कमी असतो, म्हणून तिथे एकटं औषध पुरलं.

आता दोन औषधं एकत्र द्यायला कारण होतं. बीकन नावाच्या चाचणीत ६६५ रुग्णांचे तीन गट केले. एकाला बीरॅफ रोखणारं एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब. दुसऱ्याला या दोन्हींसोबत साखळीतली पुढची कडी अडवणारं बिनिमेटिनिब. तिसऱ्याला इरिनोटेकॅनवर आधारित केमो आणि सेटुक्सिमॅब, म्हणजे तेव्हाचे नेहमीचे उपचार.

मामाला इरिनोटेकॅनच चालू होतं. मे २०१९मध्ये तो गेला. बीकनचा निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरला.

पुढच्या काळात आकडे आणखी पक्के झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्मे रुग्ण ५.९ महिन्यांहून जास्त जगले. नव्या औषधांच्या दोन्ही गटांत हा आकडा ९.३ होता. दोन औषधांचाही तेवढाच, तीन औषधांचाही तेवढाच. म्हणून तिसरं औषध वगळलं गेलं आणि एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेत फक्त जोडीला मंजुरी मिळाली. डिसेंबर २०२४मध्ये हीच जोडी केमोसोबत अगदी सुरुवातीपासून द्यायलाही परवानगी मिळाली. त्या चाचणीत सुमारे ६१ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. नेहमीच्या उपचारांत ४० टक्के.

५.९ आणि ९.३ यांत जवळपास साडेतीन महिन्यांचं अंतर. कागदावर ते किरकोळ दिसतं. मामाच्या हिशेबात साडेतीन महिने म्हणजे शेतातल्या पंपांच्या मोटरी जळायचा एक अख्खा उन्हाळा, त्याचा सगळ्यात धावपळीचा हंगाम. आणि मध्यक म्हणजे मध्यकच. निम्मे लोक त्याच्याही पुढे जातात.

बीकनच्या तिसऱ्या गटात दोनशेहून जास्त माणसं होती. आपल्या वाट्याला नवं औषध येईलच असं नाही, हे माहीत असून त्यांनी सही केली. ती नसती, तर नवी जोडी कशापेक्षा बरी, हे कुणालाच सांगता आलं नसतं. कैरो-२मधल्या ज्यांचं नुकसान झालं, त्यांच्यामुळे पुढच्या रुग्णांचं तसं नुकसान टळलं.

तर मामा, सगळी औषधं एकदम देत नाहीत, कारण देऊन पाहिली होती. एक औषध नेमकं का हरलं हे कळल्यावरच दुसरं कोणतं जोडायचं ते ठरतं. जळालेली मोटर आली की तूही आधी कुठली कॉइल गेली ते बघायचास. तार हातात घ्यायचास ती नंतर.

एवढं सांगायला मला सात वर्षं लागली.