दुसरा धंदा आणि पहिली गुलामी

कर्ज झाले की माणसाला चहूकडून एकच सल्ला मिळतो : जोडीला काहीतरी कर. नोकरी सुटल्यावर शिकवण्या घे, रात्रपाळी धर, म्हैस पाळ, बायकोला शिलाईचे मशीन आणून दे. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु या सल्ल्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, आणि त्या दोन्ही गोष्टी या देशातील सर्व माणसांना सारख्या प्रमाणात कधीच मिळालेल्या नाहीत. पहिली अशी की, पहिले काम संपल्यानंतरचा वेळ माणसाच्या स्वतःच्या मालकीचा आहे. दुसरी अशी की, त्या वेळात त्याने जे काही बनविले वा विकावयास ठेवले, ते त्याच्या हातून घेणारे गिऱ्हाईक बाजारात आहे. अस्पृश्यांच्या बाबतीत हे दोन्ही हक्क शतकानुशतके नाकारले गेले. ते कसे नाकारले गेले आणि कसे थोडेथोडे मिळू लागले, हा इतिहास पाहावयाचा तर कोल्हापूर संस्थानाकडे वळावे लागते.

आधी वेळेचा प्रश्न घेऊ. महारकी हे वतन होते, असे आपल्याला अभिमानाने सांगितले जाई. वतनदार म्हणजे गावचा हक्कदार, असा त्या शब्दाचा डौल. प्रत्यक्षात हे वतन काय होते? चावडीवर हजर राहणे, साऱ्यासाठी रयतेला बोलावून आणणे, सरकारी कागद आणि पैसा पोचविणे, अंमलदाराच्या घोड्यामागे धावणे, वेशीवर राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे, कुणाच्या मयताचा सांगावा घेऊन परगावी जाणे. या कामांना घड्याळ नव्हते. तराळकी घराघरांत पाळीने फिरे, आणि पाळी नसलेला भाऊ मजुरीला जाई, हे खरे. परंतु हाक आली आणि पाळीचा माणूस हाती लागला नाही, तर घरातील दुसऱ्या कोणालाही जुंपले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनावर जो हल्ला चढविला, त्यातील मर्माचा मुद्दा हाच होता : येथे नोकर एक माणूस नसून सबंध कुटुंब नोकर आहे, आणि कामाचे तास चोवीस आहेत.

या चाकरीचा मोबदला दोन प्रकारचा होता. एक, इनाम जमिनीचा तुकडा, जो पिढ्यापिढ्यांच्या वाटण्यांनी इतका बारीक झाला की एका कुटुंबाचे त्यात भागणे अशक्य. दुसरा, रयतेकडून मिळणारे बलुते. काम सरकारचे, आणि मोबदला मात्र रयतेच्या खळ्यावर जाऊन मागावयाचा, अशी ही विचित्र रचना होती. त्यामुळे महाराला धनी दोन झाले. सरकारचे काम नाकारले तर वतन जाण्याची धास्ती, आणि रयतेला दुखविले तर बलुते बंद. मेलेले ढोर ओढावयास नकार दिला म्हणून गावाने बलुते अडवून धरले, असे प्रकार गावोगावी झाले.

आता कर्जाचा विचार करा. बलुते सुगीला येते आणि पोट रोज भुकेले असते. मधल्या महिन्यांत दाणे उसने आणावे लागत. लग्न, मयत, आजार यांसाठी सावकार गाठावा लागे. वतनी जमीन वतनाबाहेर सहजी विकता येत नसे, म्हणून तिच्यावर पुरेसे कर्जही उभे राहत नसे. मग सावकाराने तारण म्हणून घ्यावे तरी काय? त्याने अंग तारण घेतले. एखादा मुलगा सालगडी म्हणून ठेवावयाचा आणि त्याच्या सालाच्या मजुरीत व्याज वळते करून घ्यावयाचे. म्हणजे घरातील एका भावाचा वेळ वतनाने घेतला आणि दुसऱ्याचा कर्जाने. उरला तो बायकांचा वेळ. गवताचे भारे आणावेत, सरपण गोळा करावे, शेणी थापाव्यात आणि डोईवर घेऊन विकावयास न्याव्यात, हा खरा जोडधंदा आपल्या आयाबहिणींनी केला. त्याची नोंद ना सरकारच्या वहीत, ना सावकाराच्या. आपल्या इतिहासलेखनातही ती फारशी नाही, हे आपणही मान्य केले पाहिजे.

१८७४ च्या मुंबई इलाख्यातील वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या जुन्या चाकरीला नव्या राज्याचा शिक्का मिळाला. इंग्रजी राज्य आले, आगगाडी आली, गिरण्या आल्या. पण गावकुसाबाहेरच्या माणसाचा वेळ मोकळा झाला नाही. ही गाठ आधी सुटली ती कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा पन्नास जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हे सर्वांना पाठ आहे. १९१८ साली त्यांनी आपल्या संस्थानात महार वतन रद्द केले आणि वतनी जमिनी रयतावा करून महारांच्या नावे केल्या, या गोष्टीचा उच्चार मात्र त्या मानाने कमी होतो. त्याच वर्षी त्यांनी गुन्हेगार ठरविलेल्या जातींवरील हजेरीची सक्ती उठविली. जातीमुळे ज्याला चावडीवर हजेरी द्यावी लागते, तो परगावच्या बाजाराला जाणार कसा आणि पेठेत हमाली करणार कसा? पुढे वेठीवरही त्यांनी बंदी घातली. हे सारे हुकूम एकत्र ठेवून वाचावेत. त्यांतील समान सूत्र दयेचे नाही. माणसाचा वेळ त्याचा त्याला परत देणे, हे ते सूत्र आहे.

संस्थानाबाहेर हीच गोष्ट घडावयास किती काळ लागला, हेही पाहावे. बाबासाहेबांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारता’तून महार वतनाची चिरफाड केली. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी वतन सुधारणेचे बिल आणले. ते चिकित्सा समितीकडे गेले, तेथे त्याचा प्राण काढून घेण्यात आला, आणि १९२९ साली बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. शेवटी कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. शाहू महाराजांच्या हुकुमानंतर चाळीस वर्षांनी आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षांनी. या चाळीस वर्षांत किती पोरांचे तारुण्य चावडीच्या पायरीवर संपले असेल, याचा हिशेब कोण देणार?

तथापि वेळ मोकळा झाला म्हणजे धंदा उभा राहतो, असे नव्हे. येथे दुसरी अट आडवी येते, ती गिऱ्हाइकाची. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. ते दरबारच्या पागेत नोकर होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि पुढे गंगाराम यांनी नोकरीवर विसंबून न राहता स्वतंत्र धंदा करावा म्हणून त्यांना मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत.

ही हकीकत आपल्याकडे महाराजांच्या थोरपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. परंतु तिच्यात अर्थशास्त्राचा एक कठोर धडाही आहे. इतरांच्या धंद्याला आधी भांडवल लागते. अस्पृश्याच्या धंद्याला भांडवल मिळाले तरी आधी गिऱ्हाईक मिळवावे लागते. एका चहाच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळावे म्हणून एका छत्रपतीला रस्त्यावर उतरावे लागले. ज्या गावात छत्रपती नव्हता, तेथील गंगारामांचे काय झाले असेल?

याचे उत्तर त्याच सुमारास मुंबईत मिळत होते. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून १९१७ साली परत आलेले डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले, कारण शिष्यवृत्तीच्या मोबदल्यात दहा वर्षे चाकरी करण्याचा करार त्यांच्यावर होता. म्हणजे आपल्याकडे विद्यासुद्धा कर्ज म्हणून आली. बडोद्यात राहावयास जागा मिळेना, कचेरीत शिपाई अंतरावरून कागद फेकीत; ती नोकरी टिकली नाही. मुंबईस परतल्यावर त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या. शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढीही काढली. सल्लागार जातीने महार आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद पडली. पागेतील नोकर आणि कोलंबियाचा विद्वान, दोघांची वाट एकाच भिंतीने अडविली. शिक्षणाने माणूस बदलला होता. बाजार बदलला नव्हता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकाची जागा मिळाली. त्या पगारातील पैसा त्यांनी अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी साठविला. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. त्याच महिन्याच्या २१ आणि २२ तारखांना कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली आणि शाहू महाराजांनी तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला, अशा अर्थाची ग्वाही दिली. त्या वर्षी ते लंडनला गेले ते स्वतःची बचत, महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर. परतल्यावर १९२३ साली वकिली सुरू केली, तर अस्पृश्य वकिलाकडे खटले येईनात. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायद्यावर अर्धवेळ व्याख्याने देत होते. याच काळात महाडचा सत्याग्रह झाला आणि ‘बहिष्कृत भारत’ निघाले. चळवळीच्या इतिहासात आपण महाड वाचतो. महाडच्या नेत्याचे घर ज्या दुसऱ्या कामावर चालले होते, ते वाचीत नाही.

बाबासाहेबांच्या दुसऱ्या कामापुढे एक टोक होते. ते कर्ज विद्येसाठी होते आणि त्या विद्येने सबंध समाजाची कोंडी फोडली. सर्वसामान्य कामगाराचे कर्ज कसे असते? १९३१ साली शाही कामगार आयोगाने आपल्या अहवालात नमूद केले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन तृतीयांशांहून कमी नाहीत इतकी कामगार-कुटुंबे कर्जात आहेत. गिरणीतील आपल्या माणसाची स्थिती याहून बिकट होती. साच्यावर धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, या सबबीखाली जास्त मजुरीचे विणाई खाते त्याला बंद होते. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पहिल्याच कामात ज्याला पुरी मजुरी नाकारली जाते, त्याला दुसरे काम शोधावे लागते. आणि मग लोक म्हणतात, यांना काटकसर कळत नाही.

म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी अधिक राबा असे दिले नाही. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्याचा पाठपुरावा झाला, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांत आठवड्याचे ४८ तास ठरले. १९४८ च्या कारखाने कायद्याने जादा कामाला दुप्पट मजुरी ठरविली, आणि एका कारखान्यात राबलेल्या माणसाला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात राबविण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. यामागील विचार नीट समजून घ्यावा. माणसाच्या दिवसाला सीमा आहे, आणि त्या सीमेच्या आत त्याचे पोट भरले पाहिजे, ही जबाबदारी मजुरी देणाऱ्याची आहे. संविधानाने २३ व्या कलमात वेठ निषिद्ध ठरविली आणि ४३ व्या कलमात निर्वाह वेतनाचे ध्येय सांगितले, ते याच विचाराने.

परंतु कायद्याचे छत्र कारखान्याच्या दारात संपले. शेतमजूर, घरकामाच्या बाया, कंत्राटावरचे सफाई कामगार, ऊसतोडीच्या टोळ्या या छत्राबाहेरच राहिल्या. ऊसतोड मजूर मुकादमाकडून आधी उचल घेतो आणि मग हंगामभर ती फेडीत राबतो. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही बांधला जातो. पूर्वी अंग तारण ठेवण्याची जी रीत होती, तिच्याहून ही रीत कितीशी वेगळी आहे? शहरात सकाळी झाडू मारून रात्री पहारा करणारा किंवा मोटारसायकलवर घरोघर जेवणाचे डबे पोचविणारा तरुण आपल्या मनाने दुसरे काम करतो, असे म्हटले जाते. त्याला कोणी चावडीवरून हाक मारीत नाही, हे खरे. त्याला हप्त्याची तारीख हाक मारते.

दुसरे काम करण्याचा हक्क आपल्याला कुणी सहज दिलेला नाही. त्यासाठी वतन मोडावे लागले, हजेरी उठवावी लागली, चहाच्या कपावरचा विटाळ पुसावा लागला. त्या हक्काची थट्टा करण्याचे कारण नाही. एखादी मुलगी दिवसा नोकरी आणि रात्री शिकवण्या करून भावाचे शिक्षण पुरे करते, तेव्हा ती त्याच वाटेने चाललेली असते. परंतु कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी वस्तीत हिशेब मांडताना दोन प्रश्न न चुकता विचारावेत. या दुसऱ्या कामाने कर्जाचे मुद्दल कमी होते की नुसते व्याज भागते? आणि पहिल्या कामाची मजुरी पुरी मिळाली असती तर हे दुसरे काम लागले असते काय? मुद्दल हलत नसेल, तर माणसाचा वेळ पुन्हा गहाण पडला आहे असे समजावे. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर त्या माणसाला आणखी राबण्याचा उपदेश थांबवून त्याच्या पहिल्या धन्याच्या दारात मोर्चा नेला पाहिजे.