शिलालेखात शुद्धता, नाण्यावर सरमिसळ

गौतमीपुत्र सातकर्णीने शकांना हरवले, हे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. त्याची प्रशस्ती आणखी काय म्हणते, ते मात्र क्वचितच सांगितले जाते. नाशिकच्या लेणे क्रमांक ३ मधील त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा म्हणून त्याचे कौतुक आहे आणि चार वर्णांचा संकर थांबवणारा म्हणूनही. गंमत अशी की, हा लेख बौद्ध भिक्खूंना लेणे दान दिल्याचा आहे!

आता नाण्यांची साक्ष काढू. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचे डोके आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण, वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी. घडण इंडो-ग्रीक नाण्यांची, पण ग्रीक अक्षरांत लिहिलेली भाषा इथली प्राकृत. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती अक्षरे अर्थ गमावून नुसती नक्षी होऊन बसली.

यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला. शत्रूचे नाणे त्याने चालवून घेतले. पुढे पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांनी स्वतःच्या चेहऱ्याची चांदीची नाणी काढली, तीही क्षत्रपांच्याच धर्तीवर. आणि संबंध नाण्यांपुरता राहिला नाही. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक क्षत्रपांच्या कुळातली होती. हे सांगणारा कान्हेरीचा लेख पाण्याच्या पोढीच्या दानाचा आहे. संकर थांबवल्याची फुशारकी मारणाऱ्या घराण्यातच शकांची लेक सून म्हणून आली!

जगात इतरत्रही हेच दिसते. चौथ्या शतकात रोमने तांब्या-काशाच्या नाण्यावर चित्र छापले: रोमन सैनिक घोड्यावरून पडलेल्या 'रानटी' शत्रूला भाल्याने भोसकतो आहे. गॉल आणि ब्रिटनमध्ये सुट्ट्या पैशांची टंचाई पडली, तेव्हा लोकांनी त्याच चित्राच्या ओबडधोबड नकला पाडल्या, अक्षरे चुकवून. विद्वानांनी त्या नकलांनाही 'रानटी' हेच नाव दिले. रानटी कोण आणि म्लेंच्छ कोण, हे ठरवण्याची लेखणी नेहमी वरच्यांच्याच हाती असते.

आपल्या नागपूरजवळ पवनीला बौद्ध स्तूपांचे अवशेष आहेत आणि तिथेच महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभही मिळाला. म्हणजे ही सरमिसळ विदर्भाच्या मातीतही आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त वंशशुद्धीचा दावा खोडून काढला. त्यासाठी त्यांनी डॉ. दे. रा. भांडारकरांच्या संशोधनाचा आधार घेतला: परक्या रक्ताचा अंश नसलेली जात या देशात क्वचितच सापडेल. जोगळटेंभीचा ढीग त्याच निष्कर्षाची चांदीतली साक्ष आहे.

म्हणून तरुणांनो, कोणी रक्ताच्या शुद्धतेचा तोरा मिरवला की त्याला प्रशस्ती जरूर वाचू द्या. मग त्याच राजाचे नाणे त्याच्या हातावर ठेवा.

जय भीम!