फर्माचें हस्तलिखित आणि सरळ रेषेचें समीकरण

चढ आणि अक्षावरील छेदबिंदु यांवरून सरळ रेषा आंखण्याची रीत आज शाळेंतील मुलांसही अवगत आहे. तिच्या मूळ कल्पनेचें श्रेय बहुधा एकट्या देकार्तास देतात; कारण त्याचा भूमितिग्रंथ १६३७ सालीं लायडन येथें छापून निघाला. परंतु दोन अव्यक्तांचें एकघात समीकरण म्हणजे सरळ रेषाच, हा सिद्धान्त फर्मानें त्यापूर्वींच एका लॅटिन निबंधांत मांडिला होता. मूलबिंदूंतून जाणारी रेषा व न जाणारी रेषा, दोन्ही त्यांत आहेत. ज्ञात राशींचें गुणोत्तर हाच तेथें चढ होय. निबंध हस्तलिखित रूपानेंच फिरला. फर्मा १६६५ सालीं वारला; निबंध छापला १६७९ सालीं. सारांश, मुद्रणाचा काल तो रचनेचा काल नव्हे, हें दप्तरें चाळणारांनीं विसरूं नये, असें आम्हांस वाटतें.