सखार्थची जळालेली गढी

वेल्समधील किल्ले म्हटले म्हणजे पहिल्या एडवर्ड राजानें बांधविलेले प्रचंड दगडी बुरूज डोळ्यांपुढें उभे राहतात. ते जिंकणाऱ्यांचे किल्ले. आम्ही ज्या जागेविषयीं लिहीत आहों तेथें धड एक भिंतहि उभी नाहीं. इंग्लंडच्या सरहद्दीलगत, लान्सिलिन गांवाजवळ, गवतानें झाकलेलें एक वाटोळें मातीचें टेकाड, त्याभोंवतीं खंदक आणि शेजारीं आवाराची जागा, एवढेंच सखार्थ. परंतु हें ओवाइन ग्लिंडूरचें घर होतें.

तें कसें होतें हें योलो गोख या कवीनें १३९० च्या सुमारास रचलेल्या एका स्तुतिकाव्यांत सांगितलें आहे. सभोंवार पाण्याचें कडें, त्यावर पूल, लांकडी खांबांवर उचललेला वाडा, धूर कोंडूं न देणारें धुराडें, लंडनच्या बाजारांतील दुकानांप्रमाणें भरलेल्या नऊ वस्त्रागारांची श्रीमंती, कबुतरखाना, गिरणी, माशांचें तळें. आणि इतकें असून दारास कडीकुलूप नाहीं! आश्रित कवींच्या अशा वर्णनांवर आमचा सहसा विश्वास बसत नाहीं. धन्याच्या पडवीचा महाल करणें हा त्यांचा धर्मच.

रुथिनच्या ग्रे सरदाराशीं जमिनीवरून तंटा होऊन १६ सप्टेंबर १४०० रोजीं ओवाइननें बंड पुकारलें व अनुयायांनीं त्यास वेल्सचा राजपुत्र म्हणून घोषित केलें. मे १४०३ मध्यें इंग्लंडचा युवराज हेन्री सखार्थवर चालून आला. पुढें १४१५ त आझिंकूरची लढाई जिंकणारा हा वीर तेव्हां सतरा वर्षांचाहि नव्हता. श्रूजबरीहून धाडलेल्या पत्रांत तो कळवितो कीं, घरांत कोणी सांपडलें नाहीं, म्हणून सर्व जाळून टाकलें. ओवाइनच्या पक्षाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ हातीं लागला. त्यानें सुटकेसाठीं ५०० पौंड देऊं केले, तरी त्यास ठार करण्यांत आलें. पत्राचा सूर अगदीं हिशेबी आहे, आणि म्हणूनच तें वाचतांना आमच्या अंगावर कांटा येतो.

१९६२-६३ सालीं टेकाड खणलें तेव्हां लांकडी दिवाणखान्याच्या खुणा व जळिताचे अवशेष मिळाले. नऊ वस्त्रागारांचें राहूं द्या. वाडा कवीनें सांगितला तेथेंच होता, आणि माशांच्या तळ्यांच्या खुणाहि जवळच आहेत.

ओवाइन १४१२ नंतर कोणाच्या दृष्टीस पडल्याची नोंद नाहीं. १४१५ त पांचव्या हेन्रीनें, म्हणजे त्याच युवराजानें, त्यास माफी देऊं केली. ती घेण्यास तो आला नाहीं. योलो गोख १३९८ च्या सुमारास वारला असें मानतात. त्याच्या डोळ्यांदेखत सखार्थचें धुराडें धुमसत होतें, तें चुलीच्याच धुरानें.