एकच हवा, दोन आकडे

१८ नोव्हेंबर २०२४ची संध्याकाळ. नोएडातल्या आमच्या घराची दारं-खिडक्या बंद, आई पलंगावर खोकत बसलेली, आणि पुण्याहून दादाचा फोन. "दिल्लीचा एक्यूआय हजाराच्या पुढे गेलाय. आईला घेऊन निघ आधी." माझ्या फोनवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दिल्लीचा आकडा होता ४९४. दादा म्हणाला, "अरे, सरकारी आकडा कमीच सांगणार!" मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला बसलो, आणि हाती लागला तो दिल्लीच्या हवेचा इतिहास.

खरं तर आकड्यांवरून भांडण दिल्लीला नवं नाही. १९९६ साली अनिल अग्रवाल यांच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'ने वाहनांच्या धुरावर 'स्लो मर्डर' नावाचा अहवाल काढला. जुलै १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या सगळ्या बसगाड्या सीएनजीवर आणायला सांगितलं. मग २००१मध्ये केंद्र सरकारने इंधन धोरणासाठी समिती नेमली, अध्यक्ष आपले डॉ. रघुनाथ माशेलकर. समितीचं म्हणणं असं, की सरकारने धुराची मर्यादा ठरवावी. इंधन कोणतं वापरायचं ते सांगत बसू नये. एप्रिल २००२मध्ये न्यायालयाने हे मानलं नाही, आणि त्या वर्षअखेर दिल्लीच्या डिझेल बस गेल्या. हे वाचताना मी थोडा अवघडलो. हळदीच्या पेटंटची लढाई जिंकणारे माशेलकर आपल्याला घरचे वाटतात ना! पण दोन्ही बाजूंना जाणती माणसं होती, आणि नुसत्या नावावरून निवाडा करता येत नव्हता. कोण काय मोजतंय, हेच बघावं लागत होतं.

आता मोजण्याकडे येऊ. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीच्या हवेचा अंदाज देणारी 'सफर' ही यंत्रणा उभी राहिली. ती केली पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने, म्हणजे पाषाणला बसून दिल्लीच्या हवेचा अंदाज! ऑक्टोबर २०१४मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक जाहीर केला. आठ प्रदूषक, सहा रंग, आणि सामान्य माणसाला कळेल असा एकच आकडा.

भांडणाचं मूळ या एका आकड्यात आहे. आपल्या निर्देशांकाची पट्टी ५००ला संपते. हवा त्याहून कितीही वाईट झाली तरी ५००च. शिवाय तो २४ तासांची सरासरी सांगतो. दादाने पाहिलेला आकडा परदेशी ॲपचा होता; ते अमेरिकन पट्टी वापरतं, ५००वर थांबत नाही, आणि त्या-त्या तासाची हवा दाखवतं.

पट्ट्याही वेगळ्या. हवेत पीएम २.५, म्हणजे अगदी बारीक धूळ, दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्याकडे निर्देशांक १००, शेरा 'समाधानकारक'. तीच हवा अमेरिकन पट्टीवर १५०च्या वर, लाल रंगात, 'आरोग्याला घातक'. धूळ तेवढीच! आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची २४ तासांची मर्यादा विचाराल तर ती फक्त १५ आहे.

म्हणजे दादाच्या ॲपने खोटं सांगितलं नव्हतं, आणि मंडळानेही नाही. पण एक खोच आहे. अशा काही ॲपवर लोकांनी गॅलरीत लावलेल्या स्वस्त यंत्रांचे आकडेही येतात. ही यंत्रं कणांवर प्रकाश टाकून मोजतात, आणि दिल्लीच्या दाट धुक्यात पाण्याचे थेंबही त्यांना धुळीसारखेच दिसतात. मंडळाची यंत्रं महागडी, हवा सुकवून मोजणारी. पण ती चाळीसच्या आसपास, आणि मधूनच एखाद्या केंद्राची माहिती गायब असते. तेव्हा मी जवळच्या दोन-तीन केंद्रांचे आकडे बघतो. अमेरिकी वकिलातीच्या यंत्रावर कित्येक दिल्लीकरांचा फार भरवसा होता. मार्च २०२५मध्ये अमेरिकेने ती माहिती देणंच थांबवलं.

त्या रात्री मी निर्देशांक बाजूला ठेवला आणि मंडळाच्या संकेतस्थळावर आमच्या जवळच्या केंद्राचे नुसते मायक्रोग्रॅम उघडले. २५०च्या वर. आपल्याच पट्टीवर तिथून 'गंभीर' सुरू होतं. दादाला फोन केला, म्हटलं, "तुझा हजार राहू दे, माझे ४९४ही राहू देत. धूळ अडीचशेच्या वर आहे." तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आईला आणतोयस ना?"

त्याच आठवड्यात आईला पुण्याला सोडून आलो.